राजाच्या जहाजावरचा मिशाळ सिंह

लंडनच्या कडेला, हॅरोला मी ज्या घरात खोली भाड्याने घेतली, त्या घरात जेवायच्या टेबलावर इंग्लंडच्या राजाचं लढाऊ जहाज उभं होतं. त्यामुळे घरातली माणसं सोफ्यावर बसून, मांडीवर ताट घेऊन जेवत. मला वाटलं, आठवड्या-दोन आठवड्यांची अडचण असेल.

"मुलीचं लग्न झालं तेव्हापासून असंच आहे," घरमालकीण काकू म्हणाल्या. "तिला आता दोन मुलं आहेत."

जहाज म्हणजे लाकडी प्रतिकृती. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत साधारण माझ्या हाताच्या लांबीची. तीन डोलकाठ्या, दोन्ही बाजूंना तोफांच्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीला उघडझाप होणारी झडप. घरमालक काका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. मूळचे सावंतवाडीजवळच्या एका गावचे, पण बोलण्यातून ते कळायचं नाही. फार कमी बोलायचे. मी ब्रॅकनेलच्या एका ऑफिसात काम करते, पण तिथं आठवड्यातून दोनदाच जायचं असतं. बाकीचे दिवस मी माझ्या खोलीत लॅपटॉपवर आणि काका खाली जहाजावर. दिवसभर घरात फक्त पॉलिशपेपरचा आवाज.

माणूस इतका गप्प असला की मला संशय येतो. तो माझ्या वळणाचाच भाग आहे. नागपूरला आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पॅम्फ्लेटं आली. बाबांचं छोटं छपाईचं दुकान होतं. मोर्चा असो, संप असो, वस्तीतल्या नळाचं भांडण असो, कागद आमच्याकडे छापला जायचा. गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदांच्या थप्प्यांवर बसून मी अक्षरं शिकले. पहिलं जोडाक्षर वाचलं ते 'धिक्कार'मधलं. बाबांचा एक नियम होता. कागद हातात आला की आधी तळाची ओळ बघायची, कोणी छापला आणि कोणी काढला. तिथं नाव नसेल तर मजकूर कितीही पटो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. ज्याला आपलं नाव द्यायची भीती वाटते तो आपल्याला पुढे ढकलून स्वतः मागे राहणार, असं ते म्हणत. अशा घरातून आलेली मुलगी राजाच्या जहाजाशेजारी बसून मुकाट्याने आमटीभात खाईल हे शक्य नव्हतं.

"काका, हेच जहाज का निवडलंत?"

"का म्हणजे? प्लॅन मिळाला."

"राजाचं आहे."

"मग काय गवळ्याचं असणार? तोफा आहेत त्याच्यावर."

"आपल्याकडे काय आरमार नव्हतं? गलबतं नव्हती? तुम्ही कोकणातले. ते सोडून ह्यांचं का?"

"त्यांचे प्लॅन आणून दे. करतो."

माझ्याकडे प्लॅन नव्हते. काकांनी चष्मा वर केला आणि पुन्हा झडपेकडे वळले. मला एका वाक्यात गप्प करणाऱ्या माणसांवर माझा आणखीच कमी विश्वास असतो.

शिवाय जहाजाची पिछाडी नेहमी झाकलेली असे. काकूंच्या जुन्या साडीचा एक तुकडा तिच्यावर टाकलेला. मी खोलीत आले आणि तो तुकडा सरकलेला असला, तर काका न बोलता तो पुन्हा नीट करत. नाळ दाखवत, तोफा दाखवत, दोऱ्यांच्या गाठी दाखवत. पिछाडी नाही.

"अजून व्हायचीय," म्हणत.

सगळ्या उन्हाळ्यात ती 'अजून व्हायचीय' होती.

ऑगस्टच्या शेवटी काकांनी आपणहून माझं दार वाजवलं. असं आधी कधी झालं नव्हतं. ते एका मॉडेल-क्लबचे सभासद होते. बहुतेक निवृत्त इंग्रज पुरुष, दर महिन्याला एका चर्चच्या हॉलमध्ये जमून जहाजं, आगगाड्या, क्रेन वगैरे एकमेकांना दाखवत. ऑक्टोबरात त्यांचं प्रदर्शन टाउन हॉलमध्ये भरणार होतं. पहिला येईल त्याचं मॉडेल वर्षभर टाउन हॉलच्या दारातल्या काचेच्या कपाटात राहणार. नियम दोन. सगळं काम स्वतःच्या हातचं हवं, आणि सोबत एक पान, ज्यात त्या जहाजाची कारकीर्द लिहिलेली असेल.

"तू लिहितेस ना," काका म्हणाले. "एक पान लिहून दे. मी लिहिलं की बांधकामाच्या परवानगीसारखं होतं."

"देते."

"पॅम्फ्लेट नको हं."

मी हसले, पण कबूल काही केलं नाही.

जहाजाला दोन नावं होती. दोन्ही मालकांनी आपापल्या सोयीने दिलेली, म्हणून मी इथं एकही देत नाही, जहाजच म्हणते. शनिवारी मी लायब्ररीत जाऊन बसू लागले. मला काय सापडायला हवंय ते मला आधीच माहीत होतं. मुंबई लग्नाच्या आंदणात इंग्लंडच्या राजाला मिळाली हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगतं, आणि हे जहाज त्याच राजाचं. मुंबईचा ताबा घ्यायला जो ताफा निघाला त्यात हे असणार, अशी माझी खात्री होती. नाहीतर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं पकडायला गेलं असेल. प्रदर्शनाच्या पानावर ते एका ओळीत लिहायचं आणि टाउन हॉलच्या दारात वर्षभर लावून ठेवायचं, असा माझा बेत होता.

पण तसं काही सापडलं नाही. त्या ताफ्यात हे जहाज नव्हतं. आफ्रिकेलाही गेलं नाही. मी तीन पुस्तकं उलटीसुलटी केली. पुस्तकं लिहिणाऱ्यांनीच दडवलं असेल असाही संशय घेऊन पाहिला. जहाजाची जवळजवळ सगळी हयात इंग्लंड आणि हॉलंड यांच्यामधल्या उथळ, गढूळ समुद्रात गेली. तिथं त्यानं डचांना मारलं, डचांनी त्याला मारलं, आणि हिवाळा आला की दोघं आपापल्या नदीत जाऊन चिखलात बसले.

मात्र वाचता वाचता दुसरंच काही हाताला लागलं. जहाज बांधलं ते राजानं नाही. इंग्रजांनी आपल्या राजाचं डोकं उडवून प्रजासत्ताक केलं, त्या थोड्या वर्षांत ते टेम्सवरच्या गोदीत तयार झालं. राजाच्या फौजेचा जिथं पराभव झाला त्या रणभूमीचं नाव त्याला दिलं होतं. वाचून मी खुर्चीत सरळ बसले. पण पुढच्याच प्रकरणात होतं की त्या प्रजासत्ताकानं पॅम्फ्लेटं लिहिणाऱ्यांना तुरुंगात घातलं. जे म्हणत होते की राजा गेला तर मग मताचा हक्क गरिबालाही द्या, त्यांनाच. म्हणजे इथंही तेच. नंतर मेलेल्या राजाचा मुलगा परत आला. प्रजासत्ताकाच्या जहाजांची नावं रातोरात राजनिष्ठ झाली. नाळेवरची मूर्ती उतरवली, पिछाडीवरचं जुनं चिन्ह काढून राजाचं बसवलं, सिंह आणि शिंगवाला घोडा. जहाजावरची माणसं तीच. काल ज्याच्या विरोधात लढले त्याच्या नावानं आज टोप्या उडवायच्या. त्यातली कितीतरी माणसं आपल्या मर्जीनं आलेलीही नव्हती. बंदराच्या गल्ल्यांत आरमाराची टोळी फिरायची आणि धडधाकट माणूस दिसला की उचलून जहाजावर टाकायची. त्यांच्या नावांना पुस्तकात जागा नव्हती. जहाज बांधणाऱ्या मुख्य सुताराचं नाव होतं, त्याच्या मुलाचं होतं, कप्तानांची सगळी यादी होती. पिछाडीवरचा सिंह कोणी कोरला ते कुठंच नव्हतं.

शेवट तर असा. जहाज जुनं झालं तेव्हा ते सुटं करून, थोडं जुनं आणि पुष्कळ नवं लाकूड घालून पुन्हा बांधलं, नाव तेच ठेवलं. तेही कुजलं तेव्हा नदीच्या मुखाशी धक्क्याच्या पायाभरणीत दगडांबरोबर बुडवून टाकलं. मी ती जागा बघायला गेले. तिथं आता तारेचं कुंपण आहे आणि आत गाड्यांच्या रांगा. मी फोनवर फोटो काढत होते तेव्हा पिवळ्या जाकिटातला एक गार्ड आला आणि मी काय करतेय म्हणून विचारू लागला.

"एक जहाज शोधतेय."

"बंदर तिकडे आहे."

"ते नाही. तुमच्या पायाखाली आहे ते."

त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझं ओळखपत्र मागितलं.

घरी येऊन मी काकांना विचारलं, की आधीचं, प्रजासत्ताकाच्या वेळचं जहाज का नाही केलंत? तेही ह्याच फळ्यांचं. नाव वेगळं, झेंडा वेगळा, एवढंच.

"त्याच्यावर कोरीव काम कमी."

"म्हणजे सजावटीसाठी राजा?"

"हो," काका म्हणाले. एवढंच. माझ्या मनात त्यांचा हिशेब तिथं पूर्ण झाला. आयुष्यभर साहेबाच्या कौन्सिलात नोकरी केलेला, निवृत्तीनंतर साहेबाच्या सिंहाला सोन्याचा मुलामा देणारा माणूस.

मग एका रविवारी दुपारी मी पाणी प्यायला खाली आले. दाराआडून आवाज येत होता. काका बोलत होते, आणि असे बोलत होते की मी जिन्यावरच थांबले. मोठ्यानं, भरभर, मालवणीत.

"अरे, शेपूट वर! वर घे! ह्यो काय कुत्रो आसा?"

फोनमधून दुसरा आवाज आला. "दादा, तुझ्या चित्रात सिंवाक मिशी नाय."

"नसतली. इंग्लिश सिंह तो."

"मिशी नाय तर तो सिंव खंयचो? मी घातलंय."

"कित्याक घातलंस! आता काढ!"

"आता कशी काढू? कोरल्यार काढूक येता काय? तुझ्या राणीक सांग, हयसर सिंवाक मिशी असता."

मी दार ढकललं. टेबलावर साडीचा तुकडा बाजूला पडला होता. जहाजाच्या पिछाडीवर, खिडक्यांच्या दोन रांगांच्या वर, एक रिकामी चौकट होती, आणि तिच्याभोवती अंगठ्याएवढ्या मूर्ती. पऱ्या, फळांचे घोस, ढाली. काकांच्या हातात मोबाईल, समोर उघडलेलं पार्सल, आणि भुशात ठेवलेला शिंगवाला घोडा. मूर्ती फार सुंदर होत्या. आणि त्यातली एकही इंग्रज नव्हती. पऱ्यांचे डोळे मोठे, काजळ घातल्यासारखे. शिंगवाल्या घोड्याची मान अशी ताठ की रथाला जुंपायला हरकत नाही.

काकांनी फोन पालथा ठेवला. आतून आवाज येतच राहिला. "दादा? अरे, खंय गेलंस?"

"म्हणजे हे तुम्ही नाही केलेलं," मी म्हणाले.

उत्तर दिलं काकूंनी, स्वयंपाकघरातून. "हात थरथरतो त्यांचा. तुला दिसत नाही? चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात."

मला दिसलं नव्हतं. मी त्यांच्या मतांवर लक्ष ठेवून होते.

फोनवरचा तो काकांचा चुलतभाऊ. सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि फळं करणारा. लहानपणी दोघं एकाच ओसरीवर चाकू धरायला शिकले. एक शिकून बाहेर पडला, दुसरा तिथंच राहिला. आता दुकानात प्लास्टिक विकतं, लाकडाला गिऱ्हाईक नाही, आणि काकांचा हात कापरा. "म्हणून हे जहाज," काकू म्हणाल्या. "सगळ्यात जास्त नक्षी कुठल्या जहाजाला आहे ते शोधत बसले होते. राजा-बिजा काही नाही गं. आमच्याकडे राजाचं काय पडलंय कोणाला."

"पण क्लबचा नियम..."

"तोच तर घोळ आहे," काका म्हणाले. खुर्चीत बसले. मग सांगितलं. क्लबमध्ये नवे होते तेव्हा त्यांनी एक छोटी मासेमारीची होडी करून नेली होती. सेक्रेटरीनं ती हातात घेतली, कौतुक केलं, आणि सगळ्यांसमोर उलटी करून तळ बघितला. विकतचं किट असेल तर कंपनीचा शिक्का तळाला असतो. शिक्का नव्हता. "व्हेरी नीट," तो म्हणाला. दुसऱ्या कोणाची होडी त्यानं उलटी केली नव्हती.

"आता सांगितलं ना, की पिछाडी पोस्टानं आली," काका म्हणाले, "तर त्यांना वाटणार सगळंच पोस्टानं आलं. फळ्या, तोफा, दोऱ्या, सगळं. इतकी वर्षं. तू फक्त त्या पानात तेवढं लिहू नकोस. खोटं नको लिहूस. गाळ."

त्या सेक्रेटरीचा मला राग आला होता, आणि काका म्हणत होते ते खरं होतं. खरं सांगितलं तर त्यांच्यावर खोटाच आरोप येणार होता. पण ते पान मी लिहिणार होते. पुस्तकांनी जसा कोरणारा माणूस गाळला होता, तसाच मी गाळायचा?

"काका, हेच तर त्या जहाजाचं झालं. बांधणाऱ्याचं नाव राहिलं, कोरणाऱ्याचं गेलं."

"ते साडेतीनशे वर्षांपूर्वीचं झालं. माझं ऑक्टोबरात आहे."

"आणि तुमचा भाऊ?"

"त्याला काय करायचंय हॅरोच्या टाउन हॉलचं!"

"विचारलंत त्याला?"

"आता पुरे," काकू म्हणाल्या. मला म्हणाल्या की त्यांना, ते मला कळलं नाही.

मी पान लिहिलं. दोन नावं, दोन झेंडे, उचलून आणलेली माणसं, तुरुंगातले पॅम्फ्लेटवाले, चिखलातला शेवट. आणि तळाशी वेगळी ओळ. ह्या प्रतिकृतीची पिछाडी कोणी कोरली त्याचं नाव, गाव, आणि तो काकांचा कोण. ती ओळ नको असेल तर पान दुसऱ्याकडून लिहून घ्या, असं सांगून मी ते काकांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं.

"पॅम्फ्लेटच आहे हे," ते म्हणाले.

"मग?"

"बरं आहे." आणि घडी न घालता फाइलमध्ये ठेवलं.

त्या 'बरं आहे'वर माझा विश्वास नव्हता. म्हणून प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या प्रिंटरवर मी त्याच पानाच्या प्रती काढल्या आणि पिशवीत ठेवल्या. वेळ पडली तर दारात उभी राहून वाटणार होते. ते काम मला येतं.

टाउन हॉलमध्ये पांढऱ्या कापडाची टेबलं लावली होती. जहाज मध्यभागी, चांगल्या जागी. सिंह चौकटीत बसला होता, मिशांसकट. दुरून तो इंग्लंडचा वाटायचा, जवळ गेलं की देवळाच्या दारावरचा. त्याच्याशेजारी काचेच्या स्टँडमध्ये माझं पान. मी आधी तळाची ओळ बघितली. ओळ नव्हती. कागद तिथं सरळ कापलेला होता.

मी काकांकडे गेले. "कापलीत ना शेवटी?"

"काय?"

"ओळ."

त्यांनी पान पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो संशय तिथंच सोडला. मग संशय सेक्रेटरीवर घेतला. उंच, मऊ आवाजाचा म्हातारा, स्वेटरवर क्लबचा बिल्ला. मी विचारायच्या आत तोच म्हणाला, "मजकूर फार आवडला. जरा... जोशात आहे. पण मला सकाळी हे असंच मिळालं."

मग काकांनी आणि मी काकूंकडे पाहिलं. काकू शेजारच्या टेबलावरच्या वाफेच्या इंजिनाकडे फार लक्ष देऊन बघत होत्या.

"अहो, मी कापली," त्या वळून म्हणाल्या. "कात्रीनं. भाजीच्या. काय करणार आहात? नंबर आला तर वर्षभर इथं राहील ते जहाज. माझं टेबल मला वर्षभर मिळेल. दिवाळीला माणसं बोलावीन मी. टेबलावर वाढीन."

"भावाचं नाव कापलंस?" काका म्हणाले.

"त्याला बेसनाचे लाडू पाठवीन!"

हसू आलं असतं, पण तेवढ्यात सेक्रेटरी आणि बाहेरच्या क्लबमधून आलेल्या परीक्षक बाई आमच्या टेबलापाशी पोचल्या. बाईंच्या हातात भिंग होतं. त्यांनी नाळेपासून सुरुवात केली. झडप उघडून पाहिली, बंद केली. दोरीच्या गाठीपाशी मान हलवली. मग पिछाडीकडे आल्या आणि थांबल्या.

"हा सिंह फार वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "मिशा?"

माझा हात पिशवीत होता. प्रतींवर. काका आता काय बोलणार ते मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. 'कलाकाराचं स्वातंत्र्य' म्हणतील, किंवा नुसतं हसतील. मग मी काय करायचं हेही ठरलं होतं. आणि ते केल्यावर मला त्या घरात राहता येणार नाही, हेही.

"तुम्ही स्वतः कोरला?" बाईंनी विचारलं.

काकांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"नो," ते म्हणाले. "माय ब्रदर. इन इंडिया. माझा हात चालत नाही." आणि हात कडेवरून उचलून त्यांना दाखवला. हात थरथरत होता. "पिछाडी त्याची. बाकी सगळं माझं. हात चालत होता तेव्हाचं."

बाईंनी भिंग खाली केलं. सेक्रेटरी जहाजाकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे. त्याची नजर पिछाडीवरून सरकली. तोफांवर गेली, फळ्यांवर गेली, खाली तळाकडे गेली. काकांना ज्याची भीती होती ते माझ्यासमोर, शांतपणे, एका सभ्य माणसाच्या डोळ्यांत घडत होतं. त्यानं काही विचारलं असतं तर मी भांडले असते. त्यानं विचारलं नाही. "सांगितलंत हे चांगलं केलंत," एवढंच म्हणाला, आणि खिशातून एक छापील कार्ड काढून आमच्या पानासमोर ठेवलं. स्पर्धेसाठी नाही, अशा अर्थाचं. ती कार्डं त्याच्याकडे तयारच होती. असा प्रसंग येणार हे त्याला आधीच ठाऊक असल्यासारखी.

"प्रदर्शनात राहील ना?" मी विचारलं.

"अर्थात. फक्त मधली जागा स्पर्धेच्या मॉडेलांची असते."

मग जहाज हललं. सेक्रेटरीनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, काका पुढे चालत वाट करत होते. काकू मागून येत होत्या, पर्स छातीशी धरून. नवीन जागा खिडकीजवळ, चहाच्या टेबलाला लागून. बक्षीस पुढे एका आगगाडीच्या पुलाला मिळालं. चांगला होता पूल.

पिशवीतल्या प्रतींमधली एक काढून मी काचेच्या स्टँडमध्ये सरकवली, तळाच्या ओळीसकट. बाकीच्या वाटायला आता कारण उरलं नव्हतं, पण मी चहाच्या कपांशेजारी ठेवल्या. लोक चहा घेताना उचलत होते. काहीजण वाचत होते, एकानं त्यावर बिस्किट ठेवलं. दोन बायका सिंहापुढे वाकून मोबाईलवर फोटो काढत होत्या. सेक्रेटरी तीनदा त्या बाजूनं गेला, आणि तिन्ही वेळा जहाजाच्या तळाशी त्याची पावलं जरा मंदावली. माझा त्याच्यावरचा संशय अजून गेलेला नाही. त्याचा काकांवरचाही गेला नसेल.

दुपारी काकांनी भावाला व्हिडिओ कॉल लावला. फोन हळूहळू फिरवून आधी हॉल दाखवला, मग टेबल, मग जहाज. शेवटी फोन सिंहासमोर धरला. हात हलत होता म्हणून मी खालून त्यांचं मनगट धरलं. काका म्हणाले, "दिसता मरे? तुझा नावसुद्धा लिवलाहा. हयसर बघ."

पलीकडून आवाज आला, चिडलेला. "दादा, ही खिडकी पाठसून कित्याक घेतलंस? सिंवाचा तोंड काळोखात गेला!"

काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि सिंह उजेडाकडे फिरवायला टेबलाचं एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकूंनी पर्स खुर्चीवर ठेवली.

"कुठल्या बाजूला?" त्या म्हणाल्या.